बुद्ध्यंक, मेधा आणि वैद्याचे दायित्व

बालकांना घेऊन आयुर्वेदीय चिकित्सालयात येणारे पालक पूर्वी ज्वर, कास, अतिसार, कृमी अशा तक्रारी सांगत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला एक नवी तक्रार येऊन बसली आहे. ‘मुलगा हुशार आहे, पण अभ्यासात मागे पडतो’, ‘लक्ष लागत नाही’, ‘पाठ केलेले परीक्षेत आठवत नाही’ अशी तिची भाषा असते. पुष्कळदा पालकांच्या हातात बुद्धिमापन चाचणीचा अहवालही असतो. अहवाल तीन-चार पानांचा असला तरी सर्वांची दृष्टी एकाच आकड्यावर खिळलेली असते, आणि विनंतीही एकच असते : ‘डॉक्टर, हा आकडा वाढेल असे काही औषध द्या.’

हडपसर परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो. एकीकडे शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीवर उभारलेली मगरपट्टा सिटी आणि तेथील संगणक-व्यवसायातील सुशिक्षित कुटुंबे. दुसरीकडे मांजरी, फुरसुंगीकडील शेतकरी. त्यांच्या शेजारी औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि मराठवाड्यातून, कर्नाटकाच्या सीमाभागातून, उत्तर हिंदुस्थानातून पोटापाण्यासाठी आलेली माणसे. या सर्वांची मुले एकाच प्रतीक्षाकक्षात बसतात. त्यांच्या घरची भाषा निराळी, शाळेचे माध्यम निराळे, घरातील पुस्तकांची संख्या निराळी. आणि तरीही या सर्वांच्या बुद्धीचे मोल एका आकड्यात सांगता येईल, असा समाजाचा समज दृढ होत चालला आहे.

हा आकडा नेमका काय सांगतो, काय सांगत नाही, आणि तो समोर आल्यावर वैद्याने कसे वागावे, याचा विचार आपल्या वर्गात व्हावयास हवा तसा झालेला नाही. बुद्ध्यंक हे एक लिंग आहे, स्वतः बुद्धी नव्हे. आणि लिंगाची चिकित्सा करू पाहणारा वैद्य रुग्णाचे हित साधू शकत नाही, हे आमचे मत आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

मोजपट्टीचा जन्म

बुद्धिमापनाचा आधुनिक इतिहास फ्रान्समध्ये सुरू होतो. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे साहाय्य देता यावे म्हणून फ्रेंच शासनाने १९०४ मध्ये एक आयोग नेमला. त्या कार्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये चढत्या काठिण्याच्या तीस प्रश्नांची पहिली मोजपट्टी सिद्ध केली. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्नांची वयानुसार विभागणी झाली आणि ‘मानसिक वया’ची कल्पना रूढ झाली. विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने आवृत्तीत त्या भागाकारास शंभराने गुणले, आणि आज घरोघर पोहोचलेला बुद्ध्यंक जन्मास आला.

येथे एक गोष्ट विसरली जाते. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधीही न बदलणारी राशी आहे, हे मत खुद्द बिने यांना मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांचे अवधान, स्मरण आणि विवेक सरावाने सुधारतात, अशी त्यांची श्रद्धा होती व त्यासाठी त्यांनी व्यायामही सुचविले होते. साहाय्य कोणास हवे हे ओळखण्यासाठी केलेले हे साधन पुढे माणसांची प्रतवारी लावण्यासाठी वापरले गेले. अमेरिकेत ‘मंदबुद्धी’ ठरविलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या निर्बीजीकरणास १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, हा त्या प्रवासातील काळा टप्पा होय. साधन तेच राहिले, हेतू मात्र पालटला.

बुद्धी म्हणजे काय, याविषयी मानसशास्त्रातही एकमत नाही. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये असे दाखविले की, एका विषयात चांगली कामगिरी करणारी मुले बहुधा इतर विषयांतही चांगली ठरतात. त्यावरून त्यांनी सर्व बौद्धिक कार्यांच्या मुळाशी एक ‘सामान्य घटक’ मानला. लुईस थर्स्टन यांनी १९३८ मध्ये त्याऐवजी सात प्राथमिक क्षमता मांडल्या. रेमंड कॅटेल यांनी नवीन प्रश्न सोडविण्याची ‘द्रव’ बुद्धी आणि शिक्षण-संस्कारांनी साठत जाणारी ‘स्फटिक’ बुद्धी असा भेद केला. जे. पी. गिलफर्ड यांनी बुद्धीची शंभराहून अधिक अंगे कल्पिली. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये संगीत, शरीरचापल्य, परस्परसंबंध इत्यादींसही बुद्धीचे स्थान दिले. ओडिशात जन्मलेले जे. पी. दास यांनी नियोजन, अवधान आणि माहितीवरील युगपत् व क्रमशः प्रक्रिया अशा कार्यांवर आधारलेला सिद्धान्त मांडला. जॉन कॅरोल यांनी १९९३ मध्ये साडेचारशेहून अधिक माहितीसंचांचे पुनःपरीक्षण करून वर एक सामान्य घटक, त्याखाली काही व्यापक क्षमता आणि सर्वांत खाली अनेक विशिष्ट क्षमता, अशी त्रिस्तरीय रचना दाखविली. आज बहुतेक प्रमुख चाचण्या याच रचनेच्या आधाराने अर्थ लावतात.

यातून दोन टोके टाळली पाहिजेत. बुद्ध्यंक निरर्थक आहे, असे म्हणणे अज्ञानाचे होईल. शालेय यशाशी त्याचा संबंध वारंवार दिसून आला आहे. त्याचप्रमाणे गार्डनर यांचे नाव पुढे करून बोटांच्या ठशांवरून मुलाची ‘जन्मजात बुद्धी’ सांगणारे जे अहवाल शहरांत हजारो रुपयांस विकले जातात, त्यांना शास्त्राचा कोणताही आधार नाही. असा अहवाल घेऊन पालक आल्यास वैद्याने हे स्पष्ट शब्दांत सांगावयास संकोचू नये.

महाराष्ट्रातील तीन प्रयत्न

परदेशी चाचणी केवळ भाषांतरित करून चालत नाही, हे आपल्याकडील अभ्यासकांनी फार लवकर ओळखले. बिने यांच्या १९०८ च्या पट्टीत फ्रेंच नाणी ओळखण्याचे प्रश्न होते. असे प्रश्न धारवाडच्या मुलास विचारून काय उपयोग? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे बिने चाचणीचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. १९३४ मध्ये ते विद्वानांसमोर आले आणि १९४० मध्ये ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत’ या नावाने ही चाचणी भारतभर रूढ झाली. मराठी मुलाची बुद्धी मराठीतून मोजण्याचा हा पाया एका अध्यापकाच्या परिश्रमांतून उभा राहिला, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावा.

दुसरा प्रयत्न नागपूरचा. डेव्हिड वेक्सलर यांनी १९४९ मध्ये मुलांसाठी केलेल्या चाचणीचे डॉ. आर्थर मॅलिन यांनी भारतीय रूपांतर केले व १९६९ मध्ये त्याची पुस्तिका निघाली. ‘मिसिक’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. शाब्दिक आणि कृतियुक्त अशा दोन्ही प्रकारच्या उपचाचण्या हे तिचे वैशिष्ट्य होय.

तिसरा प्रयत्न आपल्या पुण्याचा. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. तेथील मानसशास्त्र विभागाने गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या आधारे भारतीय मुलांसाठी चाचण्या विकसित केल्या. बुद्धी एकपदरी नसून बहुपदरी आहे, ती शोधून थांबता येत नाही, तिला वळण व सामाजिक प्रयोजन द्यावे लागते, ही त्यामागील दृष्टी. मापन हे शिक्षणाचे साधन आहे, निवाड्याचे नव्हे, हा बिने यांचा मूळ विचार पुण्यात अशा प्रकारे पुन्हा रुजला असे आम्हांस वाटते.

आकडा कोठे डळमळतो

आता एका बालकाचा हिशेब पाहू. बिने-कामत पद्धतीत लहान वयोगटांसाठी प्रत्येक वर्षास सहा प्रश्न असतात आणि प्रत्येक बरोबर उत्तरास दोन महिन्यांचे श्रेय मिळते. आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने सहा वर्षांचे सर्व प्रश्न सोडविले, सात वर्षांचे चार आणि आठ वर्षांचे दोन सोडविले, तर त्याचे मानसिक वय सहा वर्षे अधिक बारा महिने, म्हणजे सात वर्षे होते. चौऱ्याऐंशी महिन्यांस शहाण्णव महिन्यांनी भागून शंभराने गुणले की बुद्ध्यंक ८७.५ येतो. आता त्या दिवशी मूल उपाशी होते, किंवा परीक्षकाच्या खोलीत बावरले, आणि दोन प्रश्न अधिक चुकले असे समजा. बुद्ध्यंक एकदम ८३ वर उतरतो. मुलात काहीही पालटलेले नाही. केवळ दोन उत्तरे पालटली आहेत.

या चार गुणांचे महत्त्व किती असू शकते? महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षांत सवलती देण्यास प्रारंभ केला, आणि या बाबतीत आपले राज्य अग्रेसर राहिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस कायद्यात स्थान दिले. त्यास अनुसरून २०१८ मध्ये निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आधी बुद्ध्यंक पाहावा, तो ८५ हून अधिक असल्यास पुढील विशिष्ट चाचण्या कराव्यात, अशी पायरी होती. अशा सूचना वेळोवेळी सुधारल्या जातात. पण कोठे तरी रेषा ओढावीच लागते, आणि रेषेच्या या किंवा त्या बाजूस पडणे हे मुलाच्या दृष्टीने वर्षानुवर्षांच्या साहाय्याचे अथवा उपेक्षेचे कारण ठरू शकते. वेक्सलर पद्धतीच्या चांगल्या चाचणीतही चार-पाच गुणांची मापनत्रुटी गृहीत धरावी लागते. म्हणून जबाबदार मानसशास्त्रज्ञ एक आकडा न देता ‘या मर्यादेपासून त्या मर्यादेपर्यंत’ असे लिहितो. पालक वाचतात तो आकडा, मर्यादा वाचत नाहीत.

दुसरी अडचण प्रमाणकांच्या जुनेपणाची. बुद्ध्यंक म्हणजे समवयस्कांतील स्थान. ते समवयस्क कोणत्या काळचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. न्यूझीलंडमधील अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मधील आपल्या निबंधांत असे दाखविले की, अनेक देशांत चाचण्यांतील सरासरी कामगिरी दर दशकास सुमारे तीन गुणांनी वाढत गेली आहे. पुढे काही देशांत ही वाढ थांबल्याचेही आढळले. यावरून हे स्पष्ट होते की, दोन पिढ्यांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली तर आकडा फुगण्याचा संभव असतो, आणि ज्या मुलास खरोखर साहाय्य हवे ते ‘सामान्य’ ठरून मागे राहते. याउलट घरात तेलुगू किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीतून झाली तर आकडा खाली येतो, आणि भाषेची अडचण बुद्धीच्या माथी मारली जाते. हडपसरमध्ये दोन्ही प्रकारची मुले एकाच रांगेत उभी आहेत. म्हणून कोणती चाचणी, कोणत्या वर्षाची आवृत्ती, कोणती भाषा, हे तीन प्रश्न न विचारता अहवाल वाचणे म्हणजे देश-काल-वय न पाहता नाडी पाहण्यासारखे आहे.

शास्त्राची दृष्टी

आपल्या शास्त्रात या विषयाचे मार्गदर्शन आहे. परंतु ते शोधताना अतिशयोक्ती टाळावी. चरकाचार्यांस बुद्ध्यंक ठाऊक होता असे म्हणणे हास्यास्पद होईल. त्यांनी माणसास अंक दिलेला नाही. त्यांनी दिले आहे ते एक शिस्तबद्ध निरीक्षण.

विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात अनुमानाने जाणावयाच्या भावांची गणना करताना, मेधेचे अनुमान ग्रहणशक्तीवरून, स्मृतीचे स्मरणावरून, विज्ञानाचे व्यवसायावरून आणि धृतीचे अलोलुपतेवरून करावे, असे सांगितले आहे. याचा अर्थ असा की, मानसिक सामर्थ्ये प्रत्यक्षगम्य नाहीत. त्यांच्या कार्यावरून ती ओळखावी लागतात. आधुनिक मानसशास्त्रज्ञही हेच करतो. तो प्रश्न विचारतो, उत्तर पाहतो आणि क्षमतेचे अनुमान करतो. इतपत साम्य निर्विवाद आहे. अनुमानासाठी हेतू शुद्ध असावा लागतो, ही अटही दोहोंकडे सारखीच.

भेद आहे तो पुढे. आपल्याकडे मेधा, स्मृती व धृती या स्वतंत्रपणे पाहावयाच्या गोष्टी आहेत. शारीरस्थानात धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो असे प्रतिपादन आहे. म्हणजे जाणणे, स्वतःस आवरणे आणि अनुभव वेळेवर आठवणे या तिन्हींच्या मेळात प्रज्ञा पाहिली आहे. चाचणीत १३० गुण मिळविणारा मुलगा मध्यरात्रीपर्यंत मोबाइल सोडू शकत नसेल, तर त्याची धी उत्तम व धृती दुर्बल असे वैद्य म्हणेल. बुद्ध्यंकाच्या आकड्यात ही धृती दिसत नाही. दशविध परीक्षेतील सत्त्वपरीक्षा प्रवर, मध्य व अवर असे भेद करते; तेथेही हेतू प्रतवारीचा नसून रुग्णास कोणती चिकित्सा सोसेल हे ठरविण्याचा आहे. मापन चिकित्सेसाठी असावे, हा विचार चरकाचार्य आणि बिने या दोघांकडून घेता येतो.

ज्वरमापकाचे उदाहरण येथे समर्पक ठरेल. १०२ अंश हा आकडा खरा असतो, उपयुक्तही असतो. पण ज्वर वातज की पित्तज, आमावस्थेत की निरामावस्थेत, हे तो सांगत नाही. आकडा उतरविणे म्हणजे ज्वर बरा करणे नव्हे, हे प्रत्येक वैद्य जाणतो. बुद्ध्यंकाच्या बाबतीत हेच ज्ञान आपण का विसरावे?

मेध्य द्रव्ये आणि आपली विश्वासार्हता

आता अवघड विषयाकडे वळू. मंडूकपर्णी, यष्टिमधू, गुडूची आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितली आहेत. काश्यपसंहितेतील लेहाध्यायात सुवर्णप्राशनाचे मेधावर्धक फल वर्णिले आहे. या परंपरेवर आमची श्रद्धा आहे. परंतु त्याच लेहाध्यायात लेहन कोणत्या बालकास द्यावे व कोणास देऊ नये, याचाही विचार आहे. पुष्य नक्षत्राच्या दिवशी शेकडो बालकांना रांगेत उभे करून सर्वांस सारखीच मात्रा देणाऱ्या शिबिरांत या विवेकास किती अवसर उरतो, याचा विचार आयोजकांनीच करावा. ‘बुद्ध्यंक वाढवा’ असे फलक लावणे तर सर्वथा अनुचित आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘जे’ परिशिष्टात, ज्या गोष्टींबाबत औषधाने दावा करू नये त्यांच्या यादीत मेंदूची क्षमता वाढविणे व स्मरणशक्ती सुधारणे यांचा समावेश आहे. ती यादी आयुर्वेदीय औषधांस कितपत लागू होते, हा वाद विधिज्ञांनी घालावा. सिद्ध न झालेले वचन पालकांस न देणे हा आपला स्वतःचा धर्म आहे; त्यासाठी कायद्याच्या बडग्याची वाट का पाहावी?

संशोधनाच्या बाबतीतही आपण अधिक कठोर व्हावयास हवे. आपल्या क्षेत्रात पुष्कळदा अशी रचना आढळते : तीस मुले घ्यावयाची, बुद्धीची किंवा स्मृतीची चाचणी करावयाची, तीन महिने औषध द्यावयाचे, तीच चाचणी पुन्हा करावयाची आणि वाढलेले गुण औषधाच्या नावावर मांडावयाचे. यात चार दोष आहेत. तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना सरावाने गुण वाढतात. फार कमी गुणांची मुले निवडली तर दुसऱ्या वेळी त्यांचे गुण आपोआप सरासरीकडे सरकतात. तीन महिन्यांत मूल वाढते आणि शाळाही शिकते. शिवाय वैद्याने लक्ष घातले, पालकांनी झोपेची वेळ सांभाळली, याचाही परिणाम होतो. तुलनेसाठी औषधाविना दुसरा गट नसेल, तर यांतील कोणती वाढ औषधाची हे सांगता येत नाही. समान रूप-रसाचे निष्क्रिय द्रव्य, परीक्षकास गट न कळण्याची व्यवस्था आणि चाचणीची समांतर आवृत्ती, एवढे तरी असावे.

अशा कसोटीस उतरणे अशक्य नाही. जलब्राह्मीवर, म्हणजे बाकोपा मोनिएरी या वनस्पतीवर, ऑस्ट्रेलियात २००१ व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित अभ्यासांत बारा आठवड्यांच्या सेवनानंतर शिकण्याच्या व स्मृतीत टिकविण्याच्या काही अंगांत सुधारणा दिसली. ते अभ्यास प्रौढांवरील होते आणि त्यांत बुद्ध्यंक वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. स्मृतीच्या काही अंगांपुरता तो निष्कर्ष आहे. तेवढेच सांगावे, पण ते ठामपणे सांगावे. येथे द्रव्यनिश्चितीचा प्रश्नही येतो. महाराष्ट्राच्या बाजारात ‘ब्राह्मी’ या नावाने अनेकदा मंडूकपर्णी मिळते. शंखपुष्पी म्हणून तर देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. एका वनस्पतीवरील निष्कर्ष दुसरीच्या बाटलीवर छापणे शास्त्रास धरून नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. शिसे बालकाच्या बुद्धीचा घात करते, हे आज निःसंशय सिद्ध झाले आहे. अनेक देशांतील १,३३३ बालकांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये झालेल्या विश्लेषणात, रक्तातील शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरमागे २.४ पासून ३० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढले असता बुद्ध्यंकात सुमारे सात गुणांची घट दिसली. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा निबंध प्रसिद्ध झाला होता. त्या निबंधावर रागावण्यापेक्षा, बालकास दिल्या जाणाऱ्या प्रत्येक कल्पाचे शोधन, मारण व अंतिम परीक्षण यांचा दाखला उत्पादकाकडे मागणे अधिक श्रेयस्कर होय. मेधेसाठी दिलेल्या औषधाने मेधेचा नाश व्हावा, याहून मोठी विपरीतता कोणती?

वैद्याने काय करावे

बुद्धिमापनाचा अहवाल समोर येताच वैद्याने प्रथम तो पूर्ण वाचावा. चाचणीचे नाव, आवृत्ती, भाषा आणि दिनांक पाहावा. एकूण आकड्यापेक्षा उपचाचण्यांतील चढउतार अधिक बोलके असतात. शाब्दिक गुण उंच आणि कृतियुक्त गुण खाली, किंवा याउलट असल्यास त्याचा अर्थ मानसशास्त्रज्ञाकडूनच समजून घ्यावा.

त्यानंतर आपले काम सुरू होते. मुलास नीट ऐकू येते काय? फळा स्पष्ट दिसतो काय? ते घोरते काय, तोंडाने श्वास घेते काय, रात्री किती तास झोपते? पांडुत्व आहे काय? कृमींचा उपद्रव आहे काय? वाढ खुंटली आहे काय, आणि तसे असल्यास थायरॉइडची तपासणी झाली आहे काय? वर्गात मधूनच क्षणभर हरवल्यासारखे होते काय? तसे असल्यास अपस्माराचा एक प्रकार शंकेत धरून तज्ज्ञाकडे पाठवावे. आयोडीनच्या तीव्र अभावात वाढलेल्या बालकांचा बुद्ध्यंक बारा-तेरा गुणांनी कमी असल्याचे एकत्रित परीक्षणांत आढळले आहे. घरात कोणते मीठ वापरले जाते, हा साधा प्रश्न म्हणूनच कोणत्याही महागड्या सिरपापेक्षा मौल्यवान ठरतो. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी आहे, हे येथेही खरे.

औषध द्यावयाचे झाल्यास अग्नी, कोष्ठ, वय व बल पाहून, ठरावीक मुदतीसाठी आणि निश्चित लक्षणासाठी द्यावे. ‘झोप सुधारते काय’, ‘वीस मिनिटे एका जागी बसते काय’, ‘आज ऐकलेली गोष्ट उद्या सांगू शकते काय’ अशी लक्षणे पालकांना वहीत नोंदविण्यास सांगावे. बुद्ध्यंकाचे वचन देऊ नये. विशिष्ट अध्ययन अक्षमतेची शंका असल्यास औषधाच्या आशेने वर्ष वाया न घालविता शासकीय प्रमाणपत्राच्या यंत्रणेकडे व उपचारात्मक अध्यापनाकडे पाठवावे. अशा मुलास खरी गरज असते ती निराळ्या पद्धतीने शिकविणाऱ्या शिक्षकाची.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलासमोर आकडा उच्चारू नये. ‘याचा बुद्ध्यंक इतकाच आहे’ हे आईवडिलांचे वाक्य आठ वर्षांच्या बालकास पूर्णपणे समजते आणि फार काळ त्याच्या मनात राहते. बल कमी असलेल्या रुग्णास धीर देणे हे वैद्याचे कर्तव्य असेल, तर बालकाचे सत्त्व खचू न देणे हेही त्याचेच कर्तव्य आहे.

आपल्या संघटनेस आमच्या दोन विनम्र सूचना आहेत. मेध्य चिकित्सेच्या जाहिरातीत बुद्ध्यंक अथवा परीक्षेतील गुण यांचा उल्लेख करू नये, असा संकेत सभासदांनी स्वेच्छेने स्वीकारावा. तसेच हडपसरसारख्या ठिकाणी, जेथे आयुर्वेद महाविद्यालय, शाळा आणि मानसशास्त्राचे जाणकार एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे या तिघांना एकत्र आणून मेध्य रसायनांचा एक नियंत्रित, नेमस्त, दीर्घ मुदतीचा अभ्यास हाती घ्यावा. त्याचा निष्कर्ष अनुकूल आला तर जगासमोर मांडता येईल. प्रतिकूल आला तर तोही प्रसिद्ध करण्याचे धैर्य आपण दाखवावे. कारण आप्तवाक्यावर जितकी आपली निष्ठा आहे, तितकीच प्रत्यक्ष व अनुमान या प्रमाणांवरही असली पाहिजे. या दोन्ही सूचनांवर वैद्यबंधू-भगिनींनी आपली मते, विशेषतः प्रतिकूल मते, अवश्य कळवावीत.